आपोआप वाढणारी हवा

टायरच्या दुकानात किस्से गोळा करावे लागत नाहीत. गाडी जॅकवर चढली की मालकाला पुढचा अर्धा तास काही काम उरत नाही. तो स्टुलावर बसतो, चहा येतो आणि तोंड सुरू होतं. आधी टायरबद्दल, मग रस्त्याबद्दल, मग मेव्हण्याबद्दल! जळगावात हायवेलगतच्या एका दुकानात मी चोवीस वर्षं अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करतोय. चाक एक सांगतं आणि मालक दुसरंच सांगतो, हे रोज बघून बघून माझा स्वभाव संशयी झालाय. बायको म्हणते, "तुम्ही पाहुण्याकडेसुद्धा चाक वाकडं असल्यासारखे बघता!" ती खोटं बोलत नाही.

त्यात आता हे ऑल-टेरेन टायर आले. जाड नक्षीचे, दगडधोंड्यात आणि चिखलात चालणारे. गाडीला लावले की गाडी एकदम पैलवान दिसते. पण डांबरी रस्त्यावर ते घूं घूं करतात आणि अंगाने कडक असतात. लोक रुबाब बघून घेऊन जातात आणि आठ दिवसांनी कंबर धरून परत येतात. आमच्या दुकानातले अलीकडचे सगळे चांगले किस्से या टायरांनी दिलेत.

*

संशयात माझे गुरू म्हणजे आमचे मालक, आबा. वय सत्तरच्या पुढे. दुकानात हवा मोजायचे तीन गेज आहेत, आणि एकाच चाकाला लावले तरी तिन्ही वेगवेगळा आकडा दाखवतात.

एकदा एक इंजिनिअर गिऱ्हाईक म्हणाले, "आबा, यातले दोन तरी खोटं बोलतायत. फेकून द्या की!"

आबा शांतपणे म्हणाले, "तिन्ही खोटं बोलतात साहेब. पण वेगवेगळं बोलतात, म्हणजे त्यांचं आपसात साटंलोटं नाही. तिन्हींचा आकडा एक आला तर मात्र मला काळजी वाटेल!"

इंजिनिअर साहेब नंतर दुसऱ्या दुकानात जायला लागले.

*

पिंपळनेरकडून एक साहेब यायचे. शाळा तपासायचं काम. आदिवासी पाड्यांवरच्या शाळा, रस्ते असे-तसेच, म्हणून त्यांनी जुन्या जीपला ऑल-टेरेन बसवून घेतले. महिन्याभरात परत. म्हणाले, "हे काढा."

मी विचारलं, "धक्के बसतात का?"

"नाही."

"मग पकड नाही का?"

"पकड उत्तम आहे!" साहेब वैतागले. "पण अरुणभाऊ, आवाज नाल्याच्या पलीकडूनच ऐकू जातो. मी पोचेपर्यंत एकूण एक शिक्षक वर्गात हजर! महिनाभर मला एकही गैरहजर माणूस सापडला नाही. वरच्यांना वाटतंय मी घरी बसूनच शेरे लिहितो!"

आम्ही त्यांना जुने टायर बसवून दिले. ऑल-टेरेनमुळे धुळे जिल्ह्यातलं शिक्षण सुधारत होतं, ते आम्ही थांबवलं.

*

आता चोपड्याचे प्रकाशभाऊ. केळीचे बागायतदार. दसऱ्याला फोर-बाय-फोर घेतली आणि पंधरा दिवसांत आमच्याकडे आले. सीटवरचं प्लॅस्टिक अजून तसंच होतं. कंपनीचे टायर दुसऱ्याच फेरीत नाल्यातल्या गोट्यांनी बाजूला फाटले होते.

"गाडी आईसाठी घेतली," प्रकाशभाऊ म्हणाले.

त्यांच्या आईंना सगळं गाव अक्का म्हणतं. गेल्या आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, त्या मळ्यातल्या विहिरीजवळ घसरल्या. मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, चाला, फिरा, पण पाठीला धक्का बसता कामा नये. त्यांचं वावर सातपुड्याच्या पायथ्याशी, घरापासून नऊ किलोमीटर. त्यातल्या शेवटच्या तीन किलोमीटरला रस्ता म्हणायचं ते फक्त सरकारी कागदावर. चाळीस वर्षं ज्या वावरात रोज गेल्या, ते अक्कांनी सहा महिने डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात निंदणीला जाणारी एक बाई ओट्यावर टेकली आणि उठता उठता सांगून गेली, "अक्का, तुमना बांध सरकी गया." झालं! बांधापलीकडे अक्कांचे चुलत दीर हिराभाऊ यांचं वावर. अक्कांनी ठरवलं की हिराभाऊंनी बांध कोरला. प्रकाशभाऊंनी मोबाईलवर फोटो काढून दाखवले, सगळं जिथल्या तिथे आहे म्हणून सांगितलं. अक्का म्हणाल्या, "मोबाईलमातला बांध माले नको दखाडू. मी सोता दखसू."

"म्हणून म्हटलं, आईला आरामात नेता आलं पाहिजे," प्रकाशभाऊ म्हणाले. "हे टायर लावल्यावर गादीसारखी चालेल ना?"

मी म्हटलं, "हवा मी सांगतो तेवढीच ठेवा. डांबरीवर तीस, नाल्याच्या अलीकडे थांबून सव्वीस. गादीसारखी चालेल." म्हणजे शब्द देऊन बसलो.

ते गेल्यावर आबांनी मला विचारलं, "आईसाठी घेतली, असं किती वेळा म्हणाला?"

"म्हणाले असतील चार-पाच वेळा."

"सात. आईसाठी घेणारा माणूस एकदा सांगतो!"

*

आठ दिवसांनी पहिली तक्रार. "आवाज फार येतो. अक्कांचं डोकं उठेल."

मी म्हटलं, चला, ऐकू. एरंडोलच्या रस्त्याला लागलो. प्रकाशभाऊ चालवतायत, मी बाजूला कान देऊन बसलोय. साठ, सत्तर, ऐंशी. हलकीशी गुणगुण होती, नाही असं नाही. पण सीटवरचं प्लॅस्टिक त्याहून जास्त वाजत होतं.

"कुठे येतोय आवाज?" मी विचारलं.

"थांबा," म्हणत प्रकाशभाऊंनी चारही काचा खाली केल्या. वारा, ट्रक, हॉर्न, सगळं एकदम आत आलं. ते ओरडले, "आता ऐका!"

मी ओरडून विचारलं, "अक्का काचा उघड्या ठेवून बसतात का?"

"नाही, त्यांना वारा चालत नाही!"

"मग काचा का उघडल्या?"

"बंद ठेवल्या तर आवाज येत नाही ना!"

गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही असा आबांचा नियम आहे, म्हणून मी गप्प बसलो. पण तक्रार ऐकू यावी म्हणून एवढे कष्ट घेणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो.

*

मग पहिली फेरी झाली. अक्का गाडीत बसल्या. घरापासून गावाच्या वेशीपर्यंत दोन स्पीडब्रेकर. पहिल्यावर त्यांनी दात दाबले, दुसऱ्यावर किंचाळल्या, आणि गाडी माघारी फिरली. पुढचे चार दिवस त्या पाठीला शेक घेत पडून होत्या. प्रकाशभाऊ दुकानात येऊन म्हणाले, "तुमचे टायर दगड आहेत, अरुणभाऊ. काढा."

मला फार वाईट वाटलं. शब्द मी दिला होता. मी खाली बसलो आणि गेज लावलं. अठ्ठेचाळीस! दुसरं चाक, अठ्ठेचाळीस. चारही तेवढेच. टायर एवढे फुगलेले की बोटाने वाजवले तर टणटण आवाज यावा.

"मी तीस भरली होती. अठ्ठेचाळीस कोणी केली?"

"कोणी नाही हो. ऊन केवढं आहे! वाढली असेल आपोआप."

दिवाळीनंतरचे दिवस. मी स्वेटर घातलेला. उन्हाने हवा दोन-चार वाढते, अठरा वाढत नाही.

आबा काउंटरमागून उठून आले. तिन्ही गेज आळीपाळीने लावून बघितले. मग हात जोडून म्हणाले, "चाळीस वर्षं झाली या धंद्यात. हवा आपोआप कमी होताना रोज बघतो. वाढताना आज बघितली. अरुण, ही गाडी इथेच ठेवून घे, दर्शनाला लोक येतील!"

*

त्याच दिवशी दुपारी फोन आला. बाईचा आवाज, खणखणीत.

"तूच का तो टायरवाला?"

"हो. कोण बोलतंय?"

"मी प्रकाशनी माय. खरं सांग, हिरानी तुले काय देयेल शे?"

मला काही उलगडेना. "कोण हिरा?"

"बठ्ठा असाच इचारतस!" सगळे असंच विचारतात, एवढं सुनावून अक्कांनी फोन आपटला.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अक्कांचा हिशेब साधा होता. त्यांनी मळ्यात जाऊ नये हे कोणाला हवंय? ज्याने बांध कोरला त्याला. मग टायर कडक कोणी केले? टायरवाल्याने. मग टायरवाला कोणाचा माणूस? मी त्या हिराभाऊंचं तोंडही बघितलं नव्हतं, आणि चोपड्यात मी त्यांचा एजंट झालो होतो! आबांना सांगितलं तर त्यांनी चष्मा पुसून मला नीट न्याहाळलं.

"खरंच काही दिलं नाही ना?" आबांनी विचारलं.

*

हा पुढचा किस्सा मी सांगितला की लोकांना थाप वाटते.

प्रकाशभाऊ पुन्हा आले. गाडी मागून बसलेली, वळताना डुलत होती. म्हणाले, "आता तर फारच आदळते." मी मागच्या चाकाशी बसलो, वॉल्व्हची टोपी काढली आणि आतली पिन दाबली. हवेऐवजी पाण्याची चिळकांडी उडाली! मागे वाकून बघत असलेल्या आबांचा चष्मा, मिशा आणि सदरा, तिन्ही भिजले.

आमच्याकडे ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांत पाणी भरतात. वजन येतं, चाक घसरत नाही, नांगर खोल बसतो. शेतकऱ्याला त्यात नवल नाही. पण माणसं बसायच्या गाडीत, ट्यूबलेस टायरात, तेही आईच्या पाठीसाठी घेतलेल्या?

"ट्रॅक्टर कसा पाणी भरल्यावर दमदार चालतो," प्रकाशभाऊ म्हणाले, "म्हटलं, ही पण चालेल."

मी म्हटलं, "ट्रॅक्टरवर अक्कांना बसवता का?"

ते चाकाकडे बघायला लागले. मी त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं. हा माणूस ठिबकच्या नळ्या स्वतः टाकतो, मोटारीचं स्टार्टर स्वतः उघडतो. एवढं न कळणाऱ्यातला तो नव्हता. पण मुद्दाम कोण स्वतःच्या नव्या गाडीत पाणी भरेल? मला वाटलं, टायर परत करून पैसे काढायचा डाव असेल. आबांना वाटलं, समोरच्या दुकानदाराने फूस लावली असेल.

तोवर आबांनी मिशीवरचा एक थेंब जिभेवर घेतला होता. निकाल दिला, "बोअरचं आहे. नळाचं नाही!"

*

मी पाणी काढून, टायर आतून पुसून, तीस हवा भरून गाडी दिली. तिसऱ्या दिवशी धुळ्याहून नानांचा फोन. नाना म्हणजे माझे उस्ताद. चाकाला हात लावायचं मी त्यांच्याकडे शिकलो, आणि गिऱ्हाइकावर विश्वास न ठेवणंही तिथेच शिकलो.

"तुझं एक गिऱ्हाईक इथे आलंय," नाना म्हणाले. "म्हणतो, जळगाववाल्याने कडक टायर गळ्यात मारले, तुम्ही तसं लिहून द्या. त्याच्या आईला दाखवायचंय."

"नाना, हवा बघितली?"

"अठ्ठेचाळीस."

"मी तीस दिली होती. तो म्हणतो आपोआप वाढते."

नाना आवाज खाली घेऊन म्हणाले, "त्याच्या डिकीत हवा भरायचा छोटा पंप आहे. स्टेपनी बघायच्या निमित्ताने मी हात लावला."

"मग?"

"चांगला चटका बसला रे! नुकताच चालवलेला."

*

आता मला राहवेना. टायर काढायचे का ठेवायचे हा प्रश्न मागे पडला होता. एक म्हातारी बाई सहा महिने ओट्यावर बसून स्वतःच्या वावराची वाट बघतेय आणि त्यात मला चोर समजतेय, हे मला लागलं होतं. रविवारी मी चोपड्याची एसटी धरली. आबांनी सुट्टी दिली, वर सल्लाही दिला, "त्यांच्या घरी चहा घेशील, पण त्यांनी आधी प्यायल्यावर!"

अक्का ओट्यावर खुर्चीत बसल्या होत्या. कमरेला पट्टा, पण नजर अशी की मी चप्पल सरळ काढली. मी माझं नाव सांगितलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "माणूस दखाले तर बरा शे. तेच माले पटत नही."

मी म्हटलं, "अक्का, माझ्यावर विश्वास ठेवू नका. हवा आत्ता आहे तशी एकदा बघा, मग मी सांगतो तेवढी ठेवून बघा."

"आनि धक्का कोन खाई?"

त्याचं उत्तर त्यांच्याकडेच होतं. घरातून त्यांनी पिकलेल्या केळ्यांच्या दोन फण्या मागवल्या. केळीचं घर ते! पिकलेल्या केळ्याला धक्का लागला तर त्या वेळी काही दिसत नाही, दुसऱ्या दिवशी डाग काळा पडतो, हे तिथे शेंबडं पोरही सांगतं. एक फणी मागच्या सीटवर ठेवली. हवा मोजली. अपेक्षेप्रमाणे अठ्ठेचाळीस. प्रकाशभाऊंनी गाडी नाल्यापर्यंत नेऊन आणली. मग मी अक्कांसमोर चारही चाकांची हवा सव्वीसवर आणली, दुसरी फणी ठेवली, आणि तीच फेरी पुन्हा. दोन्ही वेळा मी सोबत बसलो. सव्वीसवर गाडी काय चालली म्हणून सांगू! गोटे चाकाखाली यायचे आणि टायर त्यांना पोटात घेऊन पुढे जायचा. मी आनंदाने प्रकाशभाऊंकडे बघितलं. ते समोर बघून चालवत होते. एवढ्या थंडीत त्यांच्या कपाळावर घाम होता.

दोन्ही फण्या अक्कांनी स्वतःच्या उशाशी ठेवून घेतल्या. कोणी बदलू नये म्हणून!

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आत फोन वाजला. "पहिली फणी काळीठिक्कर पडनी," अक्का म्हणाल्या. "दुसरी जशीना तशी शे. केळं खोटं बोलत नही. तुन्यावर संशय लिधा, मनवर नको लेऊ."

मग मी जपून त्यांना पंपाचं सांगितलं. पंप डिकीत असतो आणि तो कोणीतरी वापरतं, एवढंच. कोण ते बोललो नाही. आई-मुलात मी कशाला पडू?

अक्कांनी ताबडतोब गुन्हेगार ओळखला. "हिराना माणूस गाडीपर्यंत पोची गया वाटस!" पंप त्यांनी धान्याच्या कोठीत टाकला, कोठीला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. वर मला हुकूम सोडला, "येता रविवारी ये. तू बसशी तर मी बससू."

*

रविवारी मी पोचलो तेव्हा अक्का गाडीच्या शेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या. सून म्हणाली, पहाटे उठल्यापासून तिथेच आहेत, चहासुद्धा तिथेच घेतला. कोणी चाकाजवळ फिरकू नये म्हणून पहारा! गेल्या रविवारी निघताना मी गावातल्या पंक्चरवाल्याकडून तीस हवा भरून घेतली होती. आता चारही चाकं मोजली. तीस, तीस, तीस, तीस. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच हवा आपोआप वाढली नव्हती.

प्रकाशभाऊ म्हणाले, "अक्का, आज नको. नाल्यात ओल आहे."

"ओलसाठीच टायर लिधात ना?" अक्का म्हणाल्या आणि पुढच्या सीटवर बसल्या. मी मागे. वेशीपर्यंतचे दोन्ही स्पीडब्रेकर गेले, त्यांनी दार घट्ट धरलं होतं ते सोडलं. नाल्याच्या अलीकडे मी उतरून हवा सव्वीस केली. मग गोटे लागले. गाडी हळू, डुलत, एखादं बाळ पाळण्यात न्यावं तशी चालली. पलीकडच्या चढावर अक्का म्हणाल्या, "काहीच दुखत नही रे," आणि डोळे पुसले. मी खिडकीबाहेर बघायला लागलो, कारण माझंही तेच चाललं होतं. एवढ्या वर्षांत टायर बसवून कोणी रडलेलं मी बघितलं नव्हतं.

मळा आला. आखाजीला अक्का इथे होत्या तेव्हा जुनी बाग होती. त्या खाटेवर पडल्यावर जुनी बाग निघाली आणि पावसाच्या तोंडावर प्रकाशभाऊंनी नवी लावली. आता ती डोक्याच्या वर गेली होती. अक्का कशालाही न बघता विहिरीशी गेल्या. विहिरीच्या काठापासून बांधापर्यंत बावीस ओळी बसतात, सासऱ्यांच्या वेळेपासून बावीसच. पाच-पाच फुटांवर ओळ, ठिबकची नळी तेवढ्याच अंतरावर. एक कमी भरली की हिराभाऊंची चोरी उघडी!

त्या माझ्या हाताला धरून ओळी मोजत निघाल्या. हिराभाऊ बांधावर उभे होते. पांढरी टोपी, वाकलेली मान, हातात पाण्याचा तांब्या. अक्कांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. मलाही तो माणूस बघताच लबाड वाटला, खोटं कशाला सांगू! प्रकाशभाऊ विहिरीशीच थांबले होते.

एकोणीस. वीस. एकवीस. बावीस.

अक्का थांबल्या. पुढे आणखी एक ओळ उभी होती. तेवीस. आणि त्या ओळीच्या पलीकडे नव्या मातीचा बांध.

त्या परत विहिरीपर्यंत गेल्या आणि पुन्हा मोजत आल्या. मी मनातल्या मनात मोजत होतो. तेवीस. बांध सरकला होता, त्या निंदणीवाल्या बाईचं खरं होतं. तो हिराभाऊंच्या वावरात पाच फूट सरकला होता.

हिराभाऊंनी तांब्या पुढे केला. "वहिनी, पानी ल्या. लई दिवसमा उन्यात."

अक्कांनी तांब्या घेतला, पण पाणी प्यायल्या नाहीत. "हिरा, तू माले सांगं का नही?"

"तुम्ही खाटवर व्हत्यात," हिराभाऊ म्हणाले. "खाटवरना माणूसले बांधनी गोष्ट कोन सांगस?"

मला त्या म्हाताऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं. एवढी वर्षं मी माणसं ओळखतो म्हणून मिरवतो, आणि दहा मिनिटांपूर्वी मी याच माणसाला टोपीवरून लबाड ठरवलं होतं.

अक्कांनी पाणी संपवलं, तांब्या परत दिला आणि विहिरीकडे तोंड करून, तिथूनही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "केळीसना काही गुन्हा नही. तेविसावी ओळ हिरानी. घड उतरतीन तवय त्याना घर जातीन. मंग बांध होता तठे जाई."

तिकडे विहिरीशी प्रकाशभाऊ चपलेने माती उकरत उभे होते.

अक्का माझा हात धरून गाडीपर्यंत आल्या. मी दार उघडलं. त्या सावकाश आत बसल्या, पाठ टेकली, पदर सारखा केला. नाला ओलांडून डांबरी आली तेव्हा मी अक्कांनी कोठीतून काढून स्वतःच्या पायाशी ठेवलेला पंप मागितला, कारण सव्वीसवर जास्त लांब जाऊ नये.

"तीस कर," अक्का म्हणाल्या. "आनि हाऊ आकडा कागदवर लिखी दे. आते माले रोज येनं शे!"